मोटारसायकलस्वाराचे हातमोजे

डिसेंबर-जानेवारीत उजनी धरणाच्या फुगवट्याकाठून पहाटे मोटारसायकलने जायचे म्हणजे हातांची परीक्षाच असते. पाण्यावरून येणारा बोचरा वारा, दोन्ही बाजूंना ऊस, आणि कारखान्याकडे निघालेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी शेतातून डांबरावर आणून टाकलेली काळी माती. दव पडले की ही माती साबणासारखी होते. काही वर्षांपूर्वी करमाळा तालुक्यातल्या अशाच एका रस्त्यावर आमचे एक शिक्षक मित्र शाळेला जाताना वळणावर घसरले. वेग फार नव्हता; त्यांच्याच अंदाजाने ताशी चाळीस किलोमीटर. डोक्यावर हेल्मेट होते, हातांत घरी विणलेले लोकरीचे मोजे होते. डोक्याला काही झाले नाही. उजव्या हातातला मोजा तळहाताच्या मुळाशी पार विरून गेला आणि त्याखालची कातडीही गेली. डाव्या हातातला मोजा हातात राहिलाच नाही. तो दहा-बारा पावलांवर चारीत सापडला.

तळहाताची जखम महिन्याभरात भरली. मनगट दुखत होते, पण ते मुरगळले असेल असे समजून त्यांनी शेक आणि लेप यांवर भागवले. चार महिन्यांनी फळ्यावर लिहिताना कळ येऊ लागली तेव्हा क्ष-किरण चित्र काढले. अंगठ्याच्या मुळाशी असलेले मनगटातले एक लहानसे हाड मोडले होते आणि ते जुळलेले नव्हते. शस्त्रक्रिया झाली. आजही ते खांद्याच्या उंचीवर फारसे लिहीत नाहीत. फळ्याचा खालचा अर्धा भाग वापरतात.

या मित्रांनी आम्हाला एक प्रश्न विचारला: “घ्यायचेच तर कोणते हातमोजे घ्यावेत?” प्रश्न सोपा वाटला होता. उत्तर शोधायला गेलो तेव्हा त्यात यामिकी, शरीररचना आणि चामड्याचे रसायनशास्त्र असे सगळेच निघाले, म्हणून ते इथे सविस्तर मांडत आहोत.

धरण १९८० साली पूर्ण झाले. भीमेच्या काठच्या जुन्या वाटा पाण्याखाली गेल्या आणि समोर दिसणाऱ्या गावाला जायलाही मोठा वळसा पडू लागला. त्यामुळे या भागात दुचाकी ही चैन राहिलेली नाही. शिक्षक, दूध घालणारे, मासळी घेऊन भिगवणला जाणारे, बँकेचे कर्मचारी, सगळे दुचाकीवर. हातमोजेही विकले जातात. भिगवण, इंदापूर, टेंभुर्णी अशा बाजारपेठांत तीन प्रकार हमखास दिसतात: लोकरीचे किंवा होजिअरीचे, उन्हापासून हात काळे पडू नयेत म्हणून घालायचे पातळ सुती, आणि पाठीवर काळ्या प्लॅस्टिकचे उंचवटे बसवलेले “रेसिंगचे”. पहिले दोन थंडी आणि ऊन यांसाठी आहेत आणि तेवढे काम ते करतात. तिसरे घेणाऱ्या मुलांची समजूत अशी असते की आपण संरक्षण विकत घेतले. ही समजूत तपासून पाहण्यासारखी आहे.

आधी पडणे म्हणजे काय ते पाहू. चालत्या मोटारसायकलवरून माणूस पडतो तेव्हा एकाच वेळी दोन गोष्टी घडतात. तो खाली येतो आणि तो पुढे घसरत जातो. या दोन्हींचे हिशेब वेगवेगळे आहेत. सुमारे एक मीटर उंचीवरून हात जमिनीवर येतो असे धरले तर जमिनीला टेकताना त्याचा खालच्या दिशेचा वेग √(२ × ९.८ × १), म्हणजे सेकंदाला सुमारे ४.४ मीटर, ताशी १६ किलोमीटर असतो. गाडी ताशी २० ने चाललेली असो की १०० ने, हा आकडा तोच राहतो. म्हणूनच चिखलात जवळजवळ थांबलेल्या गाडीवरून पडूनही मनगट मोडते आणि लोकांना त्याचे आश्चर्य वाटते.

घसरण्याचे तसे नाही. कपडे व चामडे आणि डांबरी रस्ता यांच्यातला घर्षणगुणांक सुमारे ०.७ धरू. मग थांबेपर्यंतचे अंतर v² ÷ (२ × ०.७ × ९.८). जुन्या लुनाच्या, म्हणजे ताशी ३० च्या वेगाला हे अंतर सुमारे ५ मीटर येते आणि वेळ सव्वा सेकंद. ताशी ६० ला २० मीटर व जवळजवळ अडीच सेकंद. ताशी १०० ला ५६ मीटर व चार सेकंद. वर्गातल्या मुलांकडून हा तक्ता करून घेण्यासारखा आहे. वेग दुप्पट झाला की अंतर चौपट होते हे त्यांना सूत्रातून माहीत असते, पण ते अंतर शाळेच्या पटांगणात पावलांनी मोजून दाखवले की त्यांचे डोळे विस्फारतात. १९७२ साली लुना आली तेव्हाचे रस्ते आणि आजचा पुणे-सोलापूर महामार्ग यांत फरक आहे तो या वर्गाचा.

आता हात. पडताना हात पुढे येतो, तो कोणाला विचारून येत नाही. तोल गेला की हात पसरून शरीर सावरणे ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे. लहान मूल चालायला लागण्याच्या आधीच ती त्याच्यात दिसू लागते. ‘पडताना हात आखडून घ्यावेत’ हा सल्ला शर्यतीतल्या चालकांना दिला जातो आणि सरावाने त्यांना तो थोडाफार साधतोही, पण वळणावर चिखलात घसरणाऱ्या तुम्हा-आम्हाला तो उपयोगाचा नाही. तेव्हा तळहात रस्त्यावर आपटणार हे गृहीत धरूनच पुढे जावे लागते. आणि आपटतो तो बहुतेक वेळा तळहाताचा मनगटाकडचा जाड भाग, ज्यावर भार देऊन आपण जमिनीवरून उठतो तोच.

इथे खरी मेख आहे. तळहात रस्त्यावर टेकला आणि तिथेच चिकटून बसला, तर मागून येणारे साठ-सत्तर किलोचे शरीर त्या हातावरून पुढे जाऊ पाहते. मनगट मागे वाकते, काटकोनाच्या पलीकडे वाकते, आणि हाताच्या मुळाशी असलेल्या आठ लहान हाडांपैकी अंगठ्याच्या बाजूचे एक हाड त्या दाबात सापडून मधोमध तडकते. या हाडाच्या शास्त्रीय नावाचा उगम होडी या अर्थाच्या ग्रीक शब्दात आहे. मराठीत त्याला नौकाकृती अस्थी म्हणतात. होड्यांच्या या प्रदेशात ते नाव लक्षात राहायला अडचण पडू नये. या हाडाचा रक्तपुरवठा विचित्र आहे: रक्त बोटांकडच्या टोकाने आत शिरते आणि उलट दिशेने मनगटाकडच्या टोकापर्यंत जाते. हाड मधोमध मोडले की मागच्या तुकड्याचे रक्त तुटते. म्हणून ते सावकाश जुळते, कधी जुळतच नाही, आणि तो तुकडा मृतही होऊ शकतो. त्यातून आणखी एक अडचण म्हणजे ही मोड पहिल्या क्ष-किरण चित्रात अनेकदा दिसत नाही. शिक्षक मित्रांनो, एक खूण लक्षात ठेवावी. अंगठा ताठ करून वर उचलला की त्याच्या मुळाशी दोन शिरांमध्ये एक खळगा दिसतो. पडल्यानंतर या खळग्यात दाबून दुखत असेल, तर चित्रात काही दिसले नाही तरी अस्थितज्ज्ञांना दाखवावे आणि दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा तपासणी करून घ्यावी. आमच्या मित्रांना ही गोष्ट कोणी सांगितली असती तर त्यांचा फळा अर्धा झाला नसता.

यावरून हातमोज्याचे पहिले काम कोणते ते कळते. हात रस्त्याला चिकटू न देणे, त्याला घसरू देणे. हे थोडे उलटे वाटते, कारण दुकानात मोजा निवडताना आपण हँडलवर पकड कशी बसते ते पाहतो आणि तळहातावर रबरी ठिपके असलेला मोजा पसंत करतो. तेच रबर तळहाताच्या मुळाशी असेल तर पडताना घात करते. चांगल्या मोज्यात बोटांना आणि तळव्याच्या मधल्या भागाला पकड असते, आणि मनगटाजवळच्या जाड भागावर एक कठीण, गुळगुळीत प्लॅस्टिकची चकती किंवा निदान चामड्याचा दुसरा थर असतो. या चकतीला स्लायडर म्हणतात. प्लॅस्टिक डांबरावरून सरकते, हात शरीराबरोबर पुढे जातो, मनगट कमी वाकते. पाठीवरच्या आकर्षक उंचवट्यांपेक्षा या दोन इंचांच्या चकतीला आम्ही अधिक महत्त्व देतो. बाजारातल्या “रेसिंगच्या” मोज्यांत बहुधा नसते ती हीच.

दुसरे काम झिजणे. झिजावे मोज्याने, हाताने नव्हे. तळहाताची कातडी ही शरीरावर इतरत्र न मिळणारी वस्तू आहे. तिच्यावर केस नसतात, बारीक रेषा असतात, आणि एका हाताच्या तळव्याकडच्या बाजूला स्पर्शाची सुमारे १७,००० ग्राहके असतात. अशी कातडी असते ती फक्त तळहातावर आणि तळपायावर. मांडीची कातडी काढून तळहातावर लावता येते, पण तिला खडू आणि पेन्सिल यांतला फरक तितका नेमका कळत नाही.

कोणते साहित्य किती टिकते? सुती कापड आणि लोकर रस्त्यावर सेकंदाच्या आत जाते. साध्या जीनचीही गत फार वेगळी नाही. नायलॉन आणि पॉलिएस्टर यांचे तंतू चिवट असतात, पण घर्षणाच्या उष्णतेने ते वितळतात. नायलॉन प्रकाराप्रमाणे सुमारे २२० ते २६५ अंश सेल्सिअसला, पॉलिएस्टर २६० च्या आसपास. वितळलेले कापड जखमेत चिकटते तेव्हा भाजल्याचीही जखम होते. केव्हलार हा तंतू १९६५ साली स्टेफनी क्वोलेक या रसायनतज्ज्ञ बाईंनी ड्यूपाँट कंपनीत शोधला. तो वितळत नाही, साडेचारशे अंशांच्या पुढे विघटित होतो, आणि मोज्याच्या आत अस्तर म्हणून उत्तम काम देतो. पण विणलेल्या केव्हलारची वीण विरळ असेल तर ती फाकते, हे लेबलावर कोणी लिहीत नाही.

या सगळ्यांत चामडे अजून मागे पडलेले नाही, आणि त्याचे कारण त्याच्या रचनेत आहे. कापडात धागे दोन दिशांना जातात; एक तुटला की शेजारचे सुटू लागतात. कातड्यात कोलॅजेन या प्रथिनाचे तंतू तिन्ही दिशांना एकमेकांत गुंतलेले असतात. ओढायला टोकच सापडत नाही. त्यामुळे चामडे उसवत नाही, ते वरून थराथराने घासले जाते. आपल्याकडच्या कारागिरांना कातडे कमावण्याची जुनी रीत माहीत आहे: बाभळीची साल आणि हिरडा यांच्या टॅनिनमध्ये ते मुरवायचे. २०१९ साली ज्या कोल्हापुरी चपलेला भौगोलिक निर्देशांक मिळाला, आणि ज्याच्या क्षेत्रात सोलापूर जिल्हाही येतो, तिचे चामडे असेच कमावलेले. ते घट्ट आणि ताठ होते, तळव्याला छान. हातमोज्याला मात्र बोटांबरोबर वळणारे मऊ चामडे लागते, आणि ते क्रोमियमच्या क्षारांनी कमावतात. कच्चे कातडे पाण्यात ६० ते ६५ अंशांना आक्रसते, झाडपाल्याच्या टॅनिनचे ८० च्या आसपास, तर क्रोमचे उकळत्या पाण्यातही टिकते. मोज्यांसाठी शेळीचे कातडे फार मानतात: पातळ, तरीही चिवट. शर्यतीच्या महागड्या मोज्यांत कांगारूचे वापरतात, कारण त्यातले तंतू पृष्ठभागाला समांतर आणि एकसारखे पसरलेले असतात, त्यामुळे ते आणखी पातळ करूनही ताकद राहते. आम्हाला विचाराल तर वाडीवस्तीवरच्या रस्त्याला कांगारूपर्यंत जायची गरज नाही; उस्मानाबादी शेळी आपल्या दाराशी आहे. रेक्झीन मात्र चामडे नव्हे. कापडावर प्लॅस्टिकचा मुलामा असतो, तो गेला की खाली उरते ते साधे कापड. कापलेली कड पाहिली की ओळखता येते: चामड्याची कड तंतुमय, लव असलेली दिसते, रेक्झीनच्या कडेला दोन थर स्पष्ट दिसतात.

तिसऱ्या कामाचा विचार सहसा कोणी करत नाही. मोजा हातात राहिला पाहिजे. आमच्या मित्रांच्या डाव्या हाताला जे झाले ते अपवादात्मक नाही. रस्ता मोजा मागे ओढतो आणि हात पुढे जातो. मनगटावर पट्टा नसेल तर मोजा सहज निसटतो. तेव्हा मनगटाच्या सर्वांत बारीक जागी आवळणारा पट्टा हवाच, मग तो वेल्क्रोचा असला तरी चालेल. नुसते इलॅस्टिक उपयोगी नाही.

ही तिन्ही कामे युरोपात मोजून पाहतात. मोटारसायकलच्या हातमोज्यांसाठी तिथे ईएन १३५९४ हे मानक आहे, आणि २०१५ च्या आवृत्तीत त्याचे दोन स्तर केले आहेत. झिजेची चाचणी केंब्रिज विद्यापीठातले शरीरक्रियाशास्त्रज्ञ रॉडरिक वुड्स यांनी विकसित केलेल्या यंत्रावर होते: सेकंदाला ८ मीटर वेगाने धावणाऱ्या खरखरीत पट्ट्यावर मोज्याचा तुकडा सोडायचा आणि भोक पडायला किती वेळ लागतो ते पाहायचे. तळव्याला पहिल्या स्तरासाठी सरासरी ४ सेकंद, दुसऱ्यासाठी ८ सेकंद टिकावे लागते. ही सेकंदे आणि आपण वर काढलेली घसरण्याची सेकंदे एकच समजू नयेत. पट्ट्याचा वेग कायम राहतो, रस्त्यावर माणसाचा वेग कमी होत जातो, आणि शरीराचा सगळा भार हातावर नसतो. तुलना करायला मात्र ती उपयोगी आहेत. पट्टा लावलेला मोजा पहिल्या स्तराला २५ न्यूटन आणि दुसऱ्याला ५० न्यूटन ओढीत निघता कामा नये. मनगटाच्या मागे मोजा किमान १५ मिलिमीटर, दुसऱ्या स्तराला ५० मिलिमीटर जायला हवा.

बोटांच्या सांध्यांवरच्या कवचाचीही चाचणी आहे. त्यावर ५ ज्यूल ऊर्जेचा आघात करतात. ५ ज्यूल म्हणजे साधारण अर्धा किलोचे वजन एक मीटरवरून पडणे. आतल्या बाजूला पोचणारे बल सरासरी ७ किलोन्यूटनपेक्षा, दुसऱ्या स्तरात ४ पेक्षा अधिक नसावे. इथे थोडे थांबून विचार करण्यासारखे आहे. ऊर्जा म्हणजे बल गुणिले अंतर. ५ ज्यूल १ मिलिमीटरमध्ये थांबवले तर सरासरी बल ५,००० न्यूटन, ५ मिलिमीटरमध्ये थांबवले तर १,०००. म्हणजे हाड वाचवतो तो कवचाखालचा दबणारा फेस. कठीण कवच फक्त आघात पसरवते. स्वस्त मोज्यात प्लॅस्टिक थेट कापडावर चिकटवलेले असते, खाली काहीच नसते. अंगठ्याने दाबून पाहिले की कळते.

लेबलावर काय पाहायचे? मोटारसायकलस्वाराचे लहान चित्र, त्याखाली १ किंवा २ हा आकडा, सांध्यांची चाचणी झाली असेल तर ‘केपी’ ही अक्षरे, आणि १३५९४ हा क्रमांक. नुसत्या ‘सीई’ या अक्षरांवर भुलू नये. कारखान्यात पत्रा हाताळण्याच्या मोज्यांवरही ती असतात, पण त्यांचे मानक ईएन ३८८ आणि त्यावर हातोड्याचे चित्र असते. ते मोजे कापण्यापासून वाचवतात, ताशी साठने घसरण्यासाठी ते केलेले नाहीत.

हे सगळे प्रत्यक्ष अपघातात कितपत उतरते? ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या परिसरात २००८-०९ मध्ये अपघात झालेल्या २१२ मोटारसायकलस्वारांचा अभ्यास लिझ डी रोम आणि सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केला. संरक्षक कवच असलेले हातमोजे घालणाऱ्यांत हात व मनगटाच्या दुखापतीचा धोका न घालणाऱ्यांच्या मानाने ४५ टक्क्यांनी कमी दिसला. पण त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट आम्हाला जास्त बोलकी वाटते: अपघातात सापडलेल्या मोज्यांपैकी जवळजवळ २६ टक्के, म्हणजे चारातला एक, फाटला, उसवला किंवा त्याला भोक पडले. हे मोटारसायकलसाठी म्हणून विकलेले मोजे होते. शिवणीवर नजर ठेवायची ती यासाठी. तळव्यावरून जाणारी एकेरी शिवण लवकर घासून तुटते. दुहेरी शिवण, सुती धाग्याऐवजी नायलॉनचा जाड धागा, आणि शक्यतो तळव्याच्या मुळावर शिवण नसणे, एवढे तरी बघावे.

आता शर्यतीचा मोजा आणि रस्त्यावरचा मोजा यांतला फरक सांगणे सोपे जाईल. भारतात मोटारसायकल शर्यतींच्या मोजक्याच पक्क्या धावपट्ट्या आहेत: चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई, कोइमतूरची करी मोटर स्पीडवे, आणि ग्रेटर नोएडाची बुद्ध इंटरनॅशनल सर्किट, जिथे सप्टेंबर २०२३ मध्ये मोटोजीपीची फेरी झाली. तिथे सरळ भागात वेग ताशी तीनशेच्या वर जातो. पण विजेचा खांब नसतो, दुभाजक नसतो, समोरून ट्रॉली येत नाही. पडलेला चालक लांबवर घसरत आणि गडगडत जातो. म्हणजे त्याच्या अपघातात दुसरा हिशेब, वेगाच्या वर्गाचा, प्रबळ असतो. म्हणून त्याचा मोजा कोपराकडे लांब गेलेला असतो, त्याला मनगटावर एक आणि बाहीवर एक असे दोन पट्टे असतात, आणि करंगळी शेजारच्या बोटाला चामड्याच्या पुलाने जोडलेली असते. एकटी करंगळी घसरताना वळून अंगाखाली सापडते. जोडी असली की सहसा सापडत नाही.

आमच्या रस्त्यांवर पहिला हिशेब, खाली आपटण्याचा, जास्त महत्त्वाचा. वेग चाळीस-साठ, घसरण नऊ ते वीस मीटर, मात्र मध्ये दगड, खड्डा, ट्रॉलीचे चाक काहीही. त्यात हा मोजा रोज घालायचा आहे, एप्रिल-मेच्या ४२-४३ अंशांत घालायचा आहे, तो घालून किल्ली फिरवायची आहे. शर्यतीचा जाड, लांब मोजा पहिल्या आठवड्यानंतर खुंटीवर राहतो. त्यामुळे आमचा सल्ला असा: तळवा पूर्ण चामड्याचा, मुळाशी स्लायडर किंवा दुहेरी थर, मनगटावर पट्टा, पहिल्या स्तराचे लेबल, पाठीला जाळी किंवा बारीक छिद्रे असली तरी चालेल, कारण तळव्याच्या मानाने पाठ कमी घासते. किंमत साधारण गाडीच्या एका टायरच्या घरात जाते. परवडत नसेल तर साध्या शेळीच्या चामड्याचे, पट्टा असलेले मोजे घेऊन चांगल्या चांभाराकडून तळव्याच्या मुळावर चामड्याचा दुसरा तुकडा गुळगुळीत बाजू बाहेर ठेवून, कडेने दुहेरी शिवून घ्यावा. त्याला लेबल मिळणार नाही, पण लोकरीच्या मोज्याच्या तो कितीतरी पुढे असेल. हेल्मेट मात्र यात मोडत नाही. ते आधी, आणि आयएसआय शिक्क्याचेच. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली, त्यांतली ४४.५ टक्के दुचाकीवरची होती.

माप घेताना दुकानात उभे राहून नुसता हात पसरू नये. गाडीवर बसून हँडल धरावे, क्लच-ब्रेक दाबावेत. तळव्यावर चामड्याचा गोळा होत असेल तर मोजा मोठा. बोटांच्या मधली खाच ताणली जात असेल तर लहान. घामाच्या क्षारांनी चामडे कडक होऊन तडकते, तेव्हा उन्हाळ्यात मोजे रोज उलटे करून सावलीत वाळवावेत, गाडीच्या टाकीवर उन्हात टाकू नयेत.

शाळेत करण्यासारख्या दोन गोष्टी सुचवतो. एक फळी घेऊन तिच्यावर काचपेपर चिकटवा. लाकडाच्या ठोकळ्याला पाळीपाळीने सुती, लोकरी कापड, रेक्झीन, चांभाराकडचा चामड्याचा तुकडा आणि प्लॅस्टिकच्या डब्याचे झाकण लावा. फळी हळूहळू उचला. ठोकळा सुटतो त्या कोनाचा स्पर्शक, म्हणजे टॅन, हा स्थितिक घर्षणगुणांक. मग तोच ठोकळा ठराविक वजन ठेवून काचपेपरवर मागेपुढे ओढा आणि कितव्या खेपेला भोक पडते ते मोजा. रबर कुठे येते ते मुलांनी आधी ओळखून लिहावे. दुसरी गोष्ट म्हणजे स्प्रिंगकाटा. मोजा घालून, पट्टा आवळून, बोटे सैल सोडावीत आणि मोज्याच्या बोटांची टोके दोरीने बांधून काट्याने ओढावे. २५ न्यूटन म्हणजे काट्यावर सुमारे अडीच किलो, ५० म्हणजे पाच. आमच्या मित्रांच्या शाळेत आठवीच्या मुलांनी घरचे मोजे आणून हे केले. लोकरीचे सगळे एका किलोच्या आत निघाले. एका मुलाच्या मोठ्या भावाचे “रेसिंगचे” मोजे दीड किलोला निघाले आणि तो मुलगा बराच वेळ काट्याकडे पाहत राहिला.

त्या दिवशी एका मुलीने विचारले, मागे बसणाऱ्याचे काय? तिचे वडील तिला आणि आईला घेऊन बाजाराला जातात. मोजे, असले तर, वडिलांच्या हातांत. मागे बसणाऱ्याला हँडलही नसते, रस्ताही दिसत नाही, आणि पडताना हात तसाच पुढे येतो. लहान मापाचे पहिल्या स्तराचे मोजे आम्हाला टेंभुर्णीत मिळाले नाहीत. तिच्यासाठी मित्रांनी शेळीच्या चामड्याचे सर्वांत लहान मोजे घेऊन तळवा चांभाराकडून दुहेरी करून घेतला. स्प्रिंगकाट्यावर ते पावणेतीन किलोपर्यंत टिकले.